गणवेश आणि चुना : पॅलेस्टाइनमधल्या सुरक्षा-शिक्षण व वास्तुवारसा संस्थांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलिसांचं शिक्षण आणि जुन्या घरांची डागडुजी, हे दोन विषय एकाच पानावर कसे काय?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि रास्त आहे. १९६७ च्या युद्धानंतर वेस्ट बँक आणि गाझा इस्रायली लष्करी अमलाखाली गेले. तेव्हापासून चौकीत कोण बसणार आणि टेकाडावरचं उत्खनन कोण करणार, या दोन्ही गोष्टी लष्करी प्रशासन ठरवत होतं. त्याआधी वेस्ट बँकेत जॉर्डन होता, गाझात इजिप्त, आणि त्याआधी दोन्हीकडे इंग्रज. १९९३ चा ओस्लो करार झाला, १९९४ मध्ये पॅलेस्टिनी प्राधिकरण स्थापन झालं, आणि पॅलेस्टिनींच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचे पोलीस आले आणि स्वतःचं पुरातत्त्व खातंही.

म्हणजे पूर्ण राज्य हाती नाही, पण राज्याची कामं मात्र करायची आहेत. शिपाई घडवणारी संस्था आणि गवंडी घडवणारी संस्था, दोघींची अडचण एकच : आपला हुकूम नेमका कुठपर्यंत चालतो? म्हणून दोघींना शेजारी बसवलं आहे.

‘ए’, ‘बी’, ‘सी’ क्षेत्रं ही काय भानगड आहे?

१९९५ च्या दुसऱ्या ओस्लो कराराने वेस्ट बँकेचे तीन भाग केले. ‘ए’ मध्ये मुलकी कारभार आणि सुरक्षा दोन्ही पॅलेस्टिनींकडे, ‘बी’ मध्ये कारभार त्यांचा पण सुरक्षेचा अंतिम शब्द इस्रायलचा, आणि ‘सी’ मध्ये सगळंच इस्रायलकडे. ‘सी’ म्हणजे वेस्ट बँकेची सुमारे ६० टक्के जमीन. ही व्यवस्था पाच वर्षांपुरती होती. ती अजून चालू आहे. एवढं डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण प्रत्येक उत्तर फिरून इथेच येतं.

सुरक्षेचं शिक्षण देणारी मुख्य संस्था कोणती?

जेरिकोमधलं अल-इस्तिकलाल विद्यापीठ. ‘इस्तिकलाल’ म्हणजे स्वातंत्र्य. आधी ही सुरक्षा-शास्त्रांची अकादमी होती, पुढे तिचं विद्यापीठ झालं. तिच्या उभारणीत पुढाकार होता तौफिक तिरावी यांचा. ते वेस्ट बँकेतल्या गुप्तवार्ता विभागाचे माजी प्रमुख. इथे पोलीसशास्त्र, लष्करी शास्त्र, कायदा, प्रशासन अशा विषयांत पदवी मिळते. विद्यार्थी गणवेशात असतात, कवायत करतात आणि वर्गातही बसतात. मुलींनाही प्रवेश आहे. पदवीधर पुढे पोलीस, राष्ट्रीय सुरक्षा दल, प्रतिबंधक सुरक्षा अशा निरनिराळ्या दलांत जातात.

जेरिकोच का? मे १९९४ मध्ये गाझासोबत सगळ्यात आधी पॅलेस्टिनींच्या ताब्यात आलेलं गाव हेच. सपाट, लहान, खोऱ्यातलं. प्रशिक्षण केंद्रं तेव्हापासून तिथेच रुजली.

पोलिसाला पदवी कशाला हवी?

१९९४ च्या पहिल्या तुकड्या कोण होत्या ते पाहा. बरेच जण ट्युनिस, येमेन अशा ठिकाणी वर्षानुवर्षं परागंदा असलेले पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे लढवय्ये. बाकीचे पहिल्या इंतिफादात, म्हणजे इस्रायली अमलाविरुद्धच्या उठावात, दगड भिरकावून तुरुंगवारी केलेले स्थानिक तरुण. धाडस दोघांकडेही होतं, पण पंचनामा कसा करायचा, आरोपीला कोर्टापुढे कधी हजर करायचं, नवरा-बायकोच्या भांडणात दार वाजवून काय बोलायचं, हे कोणी शिकवलेलं नव्हतं. शिवाय दलं अनेक झाली, प्रत्येकाचा प्रमुख वेगळा आणि निष्ठा वेगळी. २००५ च्या सुरक्षा दलांतल्या सेवेविषयीच्या कायद्याने हुद्दे, भरती आणि निवृत्ती यांना चौकट घातली. शिक्षणाचा आग्रह त्याच धाग्यातला आहे : माणूस एखाद्या नेत्याचा न राहता खात्याचा व्हावा.

तो कितपत झाला? माझ्या मते अर्धाच. अभ्यासक्रम बदलता येतो, पण बढती कोणाच्या शिफारशीवर मिळते हे अभ्यासक्रमात नसतं.

परदेशी मदत कोणाची?

युरोपीय संघाची मोहीम जानेवारी २००६ पासून मुलकी पोलीस आणि न्यायव्यवस्थेला सल्ला देते. अमेरिकेने २००५ मध्ये सुरक्षा समन्वयकाचं कार्यालय सुरू केलं; त्या काळात त्याचे प्रमुख जनरल कीथ डेटन यांचं नाव घरोघरी झालं होतं, आणि कौतुकानेच झालं होतं असं नाही. राष्ट्रीय सुरक्षा दलाच्या बटालियन अम्मानजवळच्या जॉर्डनमधल्या केंद्रात शिकून आल्या.

मग लोकांना आपल्या या दलांचा अभिमान वाटतो का?

घरातल्या पोराच्या गणवेशाचा वाटतो, दलाबद्दल मात्र बोलताना आवाज बदलतो. कळीचा शब्द आहे ‘तन्सीक अम्नी’, म्हणजे इस्रायलशी असलेला सुरक्षा समन्वय. प्राधिकरणाच्या दृष्टीने ती कराराने आलेली जबाबदारी आहे. रस्त्यावरच्या अनेकांच्या दृष्टीने ते दुसऱ्याचं पहारेकऱ्याचं काम. जून २०२१ मध्ये प्राधिकरणाचे कडवे टीकाकार निझार बनात यांचा हेब्रोनमध्ये सुरक्षा दलाने अटक केल्यावर मृत्यू झाला. त्यानंतर प्राधिकरणाचं मुख्य ठाणं असलेल्या रामल्लात मोर्चे निघाले, आणि ते मोर्चेही दलांनी मोडून काढले. सुरक्षा-शिक्षणावर लिहिणाऱ्याने ही घटना वगळली तर उरतं ते माहितीपत्रक.

गाझात काय स्थिती होती?

२००७ मध्ये हमासने गाझाचा ताबा घेतला आणि दलं दुभंगली. हमासने आपले पोलीस आणि आपलं प्रशिक्षण वेगळं उभं केलं. २७ डिसेंबर २००८ रोजी इस्रायली हवाई हल्ले सुरू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी गाझा शहरातल्या पोलीस मुख्यालयात नव्या पोलिसांचा दीक्षान्त कार्यक्रम चालू होता. त्यात डझनावारी माणसं मेली. मुलकी पोलीस हे लढवय्ये धरायचे की नागरिक, यावर त्यानंतर आंतरराष्ट्रीय कायद्याच्या वर्तुळात मोठा वाद झाला. इस्रायलने त्यांना हमासच्या सशस्त्र यंत्रणेचा भाग मानलं. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी मंडळाने ते मान्य केलं नाही.

सुरक्षा आणि वारसा यांचा थेट संबंध कुठे येतो?

पर्यटन व पुरावशेष पोलिसांत. पॅलेस्टिनी मुलकी पोलिसांचं हे वेगळं खातं आहे. चोरून खोदलेली नाणी, दिवे, मातीची भांडी पकडणं आणि उत्खननाच्या जागांवर लक्ष ठेवणं हे त्यांचं काम. बेरोजगारी वाढली की रात्रीचं खोदकाम वाढतं, कारण माल विकत घेणारे दलाल तयार असतात.

आता गोम इथे आहे. चोर ‘बी’ मधून ‘सी’ मध्ये दोन शेतं ओलांडून गेला की पोलिसांचा अधिकार संपतो. सबास्तिया गावाचंच पाहा. गावाचा वस्तीचा भाग ‘बी’ मध्ये, आणि वरच्या टेकडीवरचे प्राचीन अवशेष बहुतांश ‘सी’ मध्ये. गावच्या पोराला वरचा दगड हललेला घरातून दिसतो, पण पोलिसाला तिथे जाऊन तो जागेवर ठेवता येत नाही.

वास्तुवारशात सगळ्यात आधी कोणाचं नाव घ्यावं?

रिवाकचं. अरबीत ‘रिवाक’ म्हणजे कमानींची ओवरी. १९९१ मध्ये, म्हणजे प्राधिकरणाच्याही आधी, वास्तुविशारद सुआद अमिरी यांनी रामल्लात ही बिगरसरकारी संस्था काढली. भव्य देवळं-मशिदींकडे पाहणारे पुष्कळ होते. यांनी खेड्यांतली साधी घरं हाती घेतली.

पहिलं काम मोजणीचं. १९९४ पासून सुमारे दशकभर विद्यार्थी आणि वास्तुविशारद गावोगाव वह्या घेऊन हिंडले. शेवटी जी नोंदवही छापली ती तीन खंडांची झाली : ४२२ गावं-शहरांमधल्या ५०,३२० ऐतिहासिक इमारती. छत कसलं, दगड कसा घडवला आहे, घरात कोणी राहतं की ओस पडलंय, सगळं. ज्या देशाचा नकाशाच वादात आहे तिथे अशी यादी करणं हे मला कुठल्याही जीर्णोद्धारापेक्षा मोठं काम वाटतं. नुसत्या वास्तूंची नव्हे, ती आहेत याच्या पुराव्याची जपणूक.

यादीतून एक गोष्ट कळली. निम्म्याच्या आसपास वारसा जेमतेम ५० गावांत एकवटला आहे. मग रिवाकने एकेकट्या इमारतीमागे धावणं कमी केलं आणि ‘५० गावं’ ही योजना आखली : गावाचा अख्खा जुना गाभा हाती घ्यायचा. त्यातलं गाजलेलं उदाहरण बीरझेत. रामल्लाच्या उत्तरेचं हे गाव विद्यापीठामुळे माहीत असतं, पण जुनं बीरझेत मोकळं पडत चाललं होतं. तिथल्या कामाला २०१३ मध्ये आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

कामाला पैसा कुठून येतो, आणि जातो कुठे?

२००० मध्ये दुसरा इंतिफादा सुरू झाला, नाके बंद झाले, इस्रायलमध्ये बांधकामावर जाणारे हजारो मजूर घरी बसले. रिवाकने २००१ मध्ये स्वीडनच्या मदतीने ‘जतनातून रोजगार’ सुरू केला. हिशोब सरळ आहे. नव्या इमारतीत बराच पैसा सिमेंट-सळीवर जातो. जुन्या घराच्या दुरुस्तीत दगड बहुतेक जागेवरच असतो, पैसा मजुरीत जातो आणि गावातच राहतो. देणगीदाराला गरिबी-निवारण दिसतं, संस्थेला घुमट वाचलेला दिसतो. अशी दुहेरी बाजू मांडता आली नसती तर घुमटांसाठी कोणी छदाम दिला नसता.

ही जुनी घरं दिसतात तरी कशी?

शेतकऱ्याचं घर म्हणजे बहुधा एकच मोठी खोली. भिंती मीटरभर जाड, दोन बाजूंना घडीव दगड आणि मध्ये भराव. वर चार जाड खांबांवर टेकलेली एकमेकींना छेदणारी कमानींची छत; लाकूड दुर्मिळ, म्हणून तुळई नाहीच. दारातून आत शिरलं की खालच्या पातळीवर गुरं. चार-पाच पायऱ्या चढल्या की ‘मस्तबा’, म्हणजे माणसांचा ओटा. तिथेच जेवण, तिथेच झोप, आणि दिवसा अंथरुणं भिंतीतल्या कमानदार कोनाड्यात. हिवाळ्यात खालच्या जनावरांची ऊब वर येते.

ओट्याच्या कडेला ‘खाबिया’ असतात. त्या म्हणजे थेट कणगीच : माती आणि पेंढा कालवून बायकांनी हातांनी थापून उभ्या केलेल्या, वर तोंड, खाली बोटभर भोक आणि त्यात चिंधीचा बोळा. बोळा काढला की गहू पडतो.

अशी चार-सहा घरं एका अंगणाभोवती आली की ‘होश’ होतो, एका भावकीचा. आणि गावच्या सरदार-शेखाचं घर मात्र गढीसारखं, दुमजली, नक्षीच्या दारांचं. देर घस्सानासारख्या ‘गादीच्या गावां’त ते पाहायला मिळतात. ऑटोमन काळात तिथले शेख सरकारसाठी सारा गोळा करत.

दुरुस्तीत सिमेंट का चालत नाही?

आपल्याकडे चुना लावणं म्हणजे फसवणं. तिथे चुना लावला नाही तर घर फसतं. चुनखडीचा दगड आणि चुन्याचा सांधा पाणी पितात आणि सोडतात. वरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. चाळीसेक वर्षं ‘पक्कं’ म्हणून मारलेलं सिमेंट आधी छिन्नीने हळू काढावं लागतं, आणि अर्धा वेळ त्यातच जातो.

दुसरा शत्रू हिरवा आहे. पडीक छतांवर कबरची झुडपं उगवतात. आपल्या वाघाटीच्याच कुळातलं काटेरी झाड, फुलं देखणी, मुळं भरावात शिरून कमानीचे दगड फाकवणारी. ओढून काढायला जावं तर दगडच हातात येतो. म्हणून आधी कापायचं, मूळ मारायचं, मग पातळ चुना भिंतीच्या पोटात सोडायचा, सांधे भरायचे, शेवटी छताला उतार देऊन पाण्याला वाट करून द्यायची. पैसे कमी असले तर रिवाक एवढंच करते : बाहेरून घर तगवायचं, आतलं पुढे कधीतरी.

घरमालक तयार होतात का?

मालक म्हणजे कोण, इथूनच सुरुवात. चार पिढ्यांत वाटणीच झालेली नाही, पन्नास वारस, त्यातले वीस अम्मानला, काही चिलीत, काही शिकागोत. भाऊबंदकी कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगायला नको. तोडगा असा निघाला की मालकी वारसांचीच राहते. दुरुस्तीच्या बदल्यात ते घर ठरावीक वर्षं गावच्या महिला मंडळाला, वाचनालयाला किंवा बालवाडीला वापरायला देतात. एका म्हातारीची सही नाही म्हणून सगळं अडतं, असंही घडतं.

हेब्रोनचं नाव नेहमी वेगळं का काढतात?

कारण तिथे घरात राहणं हाच जतनाचा मुख्य मार्ग ठरला. हेब्रोन, अरबीत अल-खलील. शहराच्या जुन्या गाभ्यात, पॅलेस्टिनी वस्तीच्या मधोमध, इस्रायली वसाहतवाले राहतात. फेब्रुवारी १९९४ मध्ये बारूख गोल्डस्टाइन या वसाहतवाल्याने इब्राहिमी मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारलं. त्यानंतर निर्बंध आले ते प्रामुख्याने पॅलेस्टिनींवर. शुहदा रस्त्यावरची दुकानं बंद पडत गेली. १९९७ च्या करारात शहराचे दोन भाग झाले आणि जुनं शहर इस्रायली लष्कराच्या ताब्यातल्या ‘एच-२’ मध्ये राहिलं. लोक उठून जात होते.

प्राधिकरणाचे तेव्हाचे अध्यक्ष यासर अराफात यांच्या आदेशाने १९९६ मध्ये हेब्रोन पुनर्वसन समिती नेमली गेली. तिने मम्लुक आणि ऑटोमन काळातल्या दाटीवाटीच्या खोल्या जोडून स्वयंपाकघर-संडास असलेली राहती घरं केली आणि कुटुंबं परत आणली. भाडं जवळजवळ नाही, वर सवलती. १९९८ मध्येच या कामाला आगा खान पुरस्कार मिळाला. रिकामं घर दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं, हे समितीचं गणित होतं, म्हणून तिला वास्तुविशारदांइतकेच वकीलही ठेवावे लागले.

जुन्या बाजारातून चालताना मान वर करा. गल्लीवर तारेची जाळी ताणलेली दिसेल, आणि जाळीत अडकलेले डबे, विटा, घाण पिशव्या. वरच्या मजल्यांवरून वसाहतवाले टाकतात त्या. खाली त्याच गल्लीत नीट सांधे भरलेली कमान आणि तिच्याखाली कुलूपबंद दुकान. दुरुस्ती उत्तम, गिऱ्हाईक नाही.

जेरुसलेममध्ये कोण काम करतं?

शहर इस्रायलच्या ताब्यात, तिथे प्राधिकरणाला मज्जाव, म्हणून बिगरसरकारी संस्था. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या ‘तआवुन’ या संस्थेचा जुन्या शहराच्या पुनरुज्जीवनाचा कार्यक्रम मोठा. त्यालाही २००४ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. जुन्या शहरात हेरोद दरवाजाजवळ ‘झाविया हिंदिया’ही आहे, सूफी संत बाबा फरीद तिथे राहिले अशी परंपरा सांगणारी हिंदुस्थानी धर्मशाळा. १९२४ पासून सहारनपूरहून गेलेलं अन्सारी कुटुंब ती सांभाळतं.

कायदा काय म्हणतो?

इंग्रजांनी १९२९ मध्ये ठरवलं की इ. स. १७०० च्या आधीचं तेच पुरावशेष. जॉर्डनच्या १९६६ च्या कायद्याने तीच रेघ ठेवली. परिणाम असा की गावातली बहुतेक घरं, जी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली, कायद्याच्या लेखी जुनी नव्हतीच. बुलडोझर लावा, दंड नाही. २०१८ च्या ११ क्रमांकाच्या वटहुकुमाने नंतरच्या वास्तूही संरक्षणात आल्या. वटहुकूमच का? संसद २००७ पासून भरलेलीच नव्हती.

जागतिक वारसा यादीत काय काय आहे?

२०११ मध्ये युनेस्कोचं सदस्यत्व मिळाल्यावर : बेथलेहेमचं जन्मस्थान चर्च (२०१२), बत्तीरची पायऱ्यांची शेती (२०१४), हेब्रोनचं जुनं शहर (२०१७), जेरिकोचं तेल अस-सुलतान (२०२३), गाझातला संत हिलारियनचा मठ (२०२४). जेरुसलेम १९८१ मध्येच जॉर्डनच्या प्रस्तावावरून आलं.

गाझातल्या वारशाचं काय उरलं?

ऑक्टोबर २०२३ पासूनच्या युद्धात १०० हून अधिक वारसास्थळांचं नुकसान युनेस्कोने उपग्रह छायाचित्रांवरून नोंदवलं आहे. थोरली उमरी मशीद डिसेंबर २०२३ मध्ये उद्ध्वस्त झाली. मम्लुक काळातला पाशाचा वाडा, जिथे वस्तुसंग्रहालय होतं, मोडला. समरा हमाम नाहीसा झाला. हमास अशा जागांचा वापर करते, असं इस्रायलचं म्हणणं. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठातलं ‘इवान’ केंद्र अनेक वर्षं या घरांची मोजमापं आणि दुरुस्ती करत होतं. त्या विद्यापीठाच्या इमारतीही पाडल्या गेल्या. माणसं तंबूत असताना दगडांचं काय घेऊन बसलात, असं कोणी म्हणालं तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण ढिगारा उचलताना कोरीव दगड बाजूला काढला नाही तर तो भरावात जातो, आणि हे काम ढिगारा उचलतानाच करावं लागतं.

जेरिकोला जाणं जमलं तर काय पाहावं?

हिशामचा महाल. आठव्या शतकातला, उमय्या घराण्याचा. स्नानगृहाच्या ८०० चौरस मीटरहून मोठ्या मोझेइक फरशीवर छप्पर नव्हतं, म्हणून ती कितीतरी वर्षं वाळूखाली झाकून ठेवली होती. जपानच्या मदतीने छप्पर झालं आणि २०२१ मध्ये ती उघडली. शेजारच्या लहान दालनात झाडाखाली दोन हरणं निवांत चरताहेत आणि तिसऱ्यावर सिंहाने झडप घातली आहे. गावातल्या मोझेइक केंद्रात असे खडे बसवायचं काम तरुण मुलं आजही शिकतात. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका. गाव समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली आहे, सकाळी नऊलाच चटके बसतात.